आबांचं शेवटचं वाक्य

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला. चार वर्षांनी पहिलं पत्र आणि सुरुवातच लबाडीनं. तू म्हणशील, हिच्याकडून दुसरं काय येणार.

परत ये म्हणायला लिहीत नाही. दादानंही सांगितलेलं नाही, त्याला याचा पत्ताच नाही. घरात काहीतरी चांगलं घडतंय आणि ते सांगायला मला दुसरं माणूस नाही, म्हणून लिहिते. तू आधी माझी मैत्रीण होतीस, वहिनी नंतर. शाळेत एका बाकावर बसून जिच्या डब्यातलं खाल्लं ती अशी सहजी मनातून जात नाही.

दादानं दारू सोडल्याला काल नऊ महिने झाले. तू गेल्यावर दोन-तीन वर्षं त्यानं नुसता उच्छाद मांडला होता. मग एकदा एका बाईची कवळी करताना पुढचे दात इतके वाकडे बसवले की दाताच्या दवाखान्यातून ती कवळी तशीच परत आली. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती, "हात सुधारले की कळवा." दादानं चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली, कामाचं टेबल धुतलं आणि व्यसनमुक्ती केंद्रात जायला पिशवी भरली. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाला, "नको. तू आलीस की तिथं सगळ्यांना सांगत सुटशील, भावाला पोटाचा त्रास आहे म्हणून."

दोन महिने तिथं राहिला. आता रोज संध्याकाळी सहाला त्यांची बैठक असते, ती चुकवत नाही. हात पुन्हा थाऱ्यावर आलेत. मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवताना तू त्याला बघत उभी राहायचीस ना, तसे. मी बाहेरच्या खोलीत रफूचं काम घेऊन बसते आणि दारातून बघत राहते. माझा भाऊ आहे म्हणून नाही सांगत, पण त्याच्यासारखा हात या गावात दुसऱ्या कुणाचा नाही.

चर्चला अजून येत नाही. मी विषय काढत नाही.

चिंगीचा हात कसा आहे? डाग आता फिके झाले असतील. त्या दिवशी ती दिव्याशी खेळायला गेली नसती तर... जाऊ दे.

तुझीच

२ मार्च

प्रिय वहिनी,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहिते.

पाळकबाबा आठवतात ना? तुमचं लग्न त्यांनीच लावलं, आबांचा दफनविधीही त्यांनीच केला. आता निवृत्त झालेत. ऐंशी उलटली, तोंडात एक दात नाही. दोन कवळ्या करून झाल्या, दोन्ही बोलताना सुटतात. मागच्या महिन्यात उपासनेत त्यांना प्रार्थना करायला सांगितली आणि पुढच्या बाकावरची पोरं तोंड दाबून हसली. बाबा मध्येच थांबले, "आमेन" म्हणून खाली बसले. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या आवाजावर मंडळी चालली त्याचं हे असं झालं.

डॉक्टरही थकले. म्हणाले, थेट कारागिराच्या समोर जाऊन बसा. म्हणून ते आपल्याकडे आले.

दादाचा चेहरा पडला. "आजच्या आज जमणार नाही," म्हणाला. पण बाबांनी तोंड उघडलं मात्र, आणि त्याच्यातला कारागीर जागा झाला. हिरड्या बोटानं चाचपल्या, जुनी कवळी उजेडात धरली, आणि "हे कुठल्या गाढवानं केलंय?" म्हणाला. ती त्यानंच केली होती, त्या वाईट दिवसांत. हे लक्षात आल्यावर दोघंही हसले.

पक्की कवळी करायच्या आधी दात मेणात बसवून बघतात, तुला माहीतच आहे. माणसाला मोठ्यानं वाचायला लावायचं आणि कान देऊन ऐकायचं. "स"ची शिट्टी झाली तर पुढचे दात हलवायचे, "फ" फसला तर त्यांची लांबी बघायची. दादा एरवी वर्तमानपत्र देतो. बाबा म्हणाले, "ते मला दिसत नाही. स्तोत्रं पाठ आहेत, ती म्हणू का?"

दादानं नुसती मान हलवली. बाबा म्हणू लागले. दादा डोळे मिटून, हातात मेणाची सुरी धरून ऐकत होता.

"थांबा. 'संकट' पुन्हा म्हणा."

"संकट."

"पुन्हा."

अकरा वेळा म्हणवून घेतलं. मी सुई हातात धरून बसले होते. आठ वर्षं या घरात स्तोत्राचा शब्द उच्चारायची सोय नव्हती, आणि दादा तो अकरा वेळा मागून घेत होता. कानानं तो फक्त "स" ऐकत होता म्हण, पण शब्द काही एकटं अक्षर घेऊन येत नाहीत.

ते स्तोत्र म्हणजे देवाला जाब विचारणं होतं. तू कुठं दडून बसलायस, माझ्याकडे पाठ का केलीस, असं. संपल्यावर दादा म्हणाला, "देवाला असं बोललेलं चालतं?"

बाबा म्हणाले, "चालतं की नाही ठाऊक नाही. पण लिहून ठेवलंय खरं. तिसरा हिस्सा तरी रडणं आणि भांडणंच आहेत. रविवारी आम्ही ती फारशी वाचत नाही, एवढंच."

दादानं मेणातली कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवली. "गुरुवारी या," म्हणाला.

तुझीच

९ मार्च

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते. दादाला ताप आहे, तीन दिवस काम बंद आहे. बाबांची कवळी अजून मेणातच आहे. काळजीचं काही नाही, हवाच तशी आहे. चिंगीला आत्याचा पापा.

२१ मार्च

प्रिय वहिनी,

ताप नव्हता. दादा प्यायला होता. आणि त्याला प्यायला मी लावलं. कसं ते सांगते, पण त्यासाठी आठ वर्षं मागं जावं लागेल, आणि हे तुलाही माहीत नाही.

आबांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं, टाळूला भोक पडलं, ते बोलले की नुसतं नाकातून वारं निघायचं. दादानं त्यांच्यासाठी टाळू झाकणारी पट्टी केली, ती तू पाहिलीस. सहा वेळा करून मोडली, सातव्यांदा बसली. त्या पट्टीमुळे आबा शेवटचे चार महिने बोलू शकले, घोटभर गिळू शकले. मंडळीत तीस वर्षं शास्त्रवाचन करणारा माणूस, त्याला पोरानं आवाज परत दिला, असं सगळे म्हणायचे.

आबा गेले त्या दुपारी तू चिंगीला निजवत होतीस. खोलीत मी आणि दादा होतो. आबांनी डोळे उघडले. अगदी स्पष्ट बोलले. म्हणाले, "मी जन्मभर बोलत आलो. पलीकडे कोणी नाही." मग काही बोलले नाहीत. तासाभरानं गेले.

बाहेर येऊन पाळकबाबांना मी सांगितलं की आबा प्रार्थना करता करता गेले. कुणी विचारलंही नव्हतं, माझ्या तोंडून आपोआप गेलं. बाबांनी दफनाच्या वेळी त्यावरच उपदेश केला. माणसं रडली. मग ते दगडावर कोरलं गेलं, प्रार्थना करीत प्रभूत निजले. दर रविवारी कुणी ना कुणी दादाचा हात धरून सांगायचं, काय मरण आलं तुझ्या बापाला, धन्य. तुला वाटायचं बापाच्या दुःखानं तो चर्च सोडून बसला. तू एकदा चिडून त्याला म्हणालीस ना, "आबांकडे बघून तरी लाज वाटू दे." तो गप्प राहिला. खरं सांगितलं असतं तर मी खोटी ठरले असते. आठ वर्षं त्यानं मला खोटी पडू दिलं नाही, आणि स्वतः बेवडा, नास्तिक, बापाचं नाव बुडवणारा म्हणवून घेतलं.

तर त्या गुरुवारी बाबा आले. मेणातली कवळी घालून स्तोत्र म्हणत होते. मधेच दादा म्हणाला, "बाबा, आबा प्रार्थना करत गेले नाहीत." आणि ते वाक्य सांगितलं.

मी दारात होते. बाबांनी कवळी काढून हातात घेतली, म्हणून बोबडं बोलले, पण मला सगळं कळलं. म्हणाले, "म्हणजे मी खोट्यावर उपदेश केला."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक करून घ्यायला हवं होतं. मी चाळीस वर्षं मरणाऱ्यांच्या उशाशी बसलोय. बहुतेक माणसं पाणी मागतात. मला संशय यायला हवा होता." मग दादाकडे वळून म्हणाले, "ते वाक्य तू एकट्यानं उचलून फिरत होतास?"

दादा म्हणाला, "हो."

"आबा खरं बोलले का, हे विचारू नकोस मला. मला माहीत नाही. पण तू एकटा होतास हे माझं चुकलं." आणि त्या म्हाताऱ्या माणसानं दादाची माफी मागितली. हात जोडून.

ते गेल्यावर मी दादावर तुटून पडले. मेलेल्या बापाची अब्रू वेशीवर टांगलीस म्हणाले. आणि म्हणाले, "बेवड्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार आहे?" हे मी बोलले, वहिनी. नऊ महिने कोरड्या राहिलेल्या माणसाला. तो उठून गेला आणि दुपारी चारला झिंगून आला. तीन दिवस तसाच.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आंघोळ करून बैठकीला निघाला. मी म्हटलं, ताप होता म्हणून सांग. तिथं कुणी विचारणार नव्हतं, नऊ महिन्यांचे दहा झाले असते. तो म्हणाला, "तुझा ताप तुझ्याजवळ राहू दे." आणि तिथं पंचवीस माणसांपुढे उभं राहून सांगितलं, "मी तीन दिवस प्यायलो. आज माझा पहिला दिवस." तिथला एकजण मला नंतर भेटला, त्यानंच सांगितलं. म्हणाला, असा माणूस बघून आम्हाला बळ येतं.

घरी आल्यावर हातपाय धुतले. चहा केला, माझाही कप भरला.

तुझीच

१० मे

प्रिय वहिनी,

बाबांची कवळी झाली. पक्की बसली. रविवारी त्यांना प्रार्थना सांगितली होती, दादा म्हणाला, "मी ऐकायला येतो. मोठ्या खोलीत 'स' कसा वाजतो ते बघायला हवं." शेवटच्या बाकावर बसला. बाबांचा आवाज असा निघाला की पोरांची हसायची छातीच झाली नाही. पुढच्या रविवारी दादा पुन्हा आला, म्हणाला, किंचित शिट्टी आहे अजून. तिसऱ्या रविवारी कारण सांगायची भानगडच केली नाही, नुसते बूट पुसले.

मी विचारलं, "आता पटलं का तुला?" म्हणाला, "देव नाही म्हणून मी पीत नव्हतो गं. तो असेल आणि आबांचं ऐकलं नसेल, याची भीती वाटायची. ती अजून आहे. पण आता ती घेऊन बसायला जागा मिळाली."

मग प्रभुभोजनाचा रविवार आला. भाकर घेतली. प्याला जवळ येत होता आणि मला दिसत होतं, दादाचा हात मांडीवर घट्ट आवळलाय. आपल्याकडे खरा, आंबवलेला द्राक्षारस असतो, घोटभर का असेना. प्याला समोर आला तेव्हा दादानं मान हलवून पुढे जाऊ दिला. सगळा बाक वळून बघायला लागला. शेजारी बाबा होते. त्यांनीही प्याला पुढे दिला आणि नव्या दातांनी खणखणीत म्हणाले, "मलाही नको. आम्ही दोघं आज भाकरीवर." नव्या पाळकांना ते लागलं असावं, पुढच्या वेळी साध्या रसाचा वेगळा प्याला ठेवणार आहेत.

उपासना सुटल्यावर मंडळीतले एक थोरले दादाला म्हणाले, "आज आबा हवे होते. प्रार्थना करता करता गेलेला माणूस तो." दादानं खाली बघितलं आणि म्हणाला, "हो." पुन्हा माझ्यासाठी.

वहिनी, तो एवढासा "हो" मला आठवडाभर झोपू देईना. गेल्या रविवारी साक्ष देण्याची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. सांगितलं की आबा काय बोलले, मी काय सांगितलं, आणि माझ्या खोट्याचं ओझं माझ्या भावानं वाहिलं. दगडावरची ओळ पुसून घ्यायची असेल तर मी करवून घेईन म्हणाले. बाहेर आल्यावर एका म्हातारीनं माझा हात धरला. म्हणाली, "माझा नवरा देवाला शिव्या देत गेला. बारा वर्षं कुणाला बोलले नाही." आम्ही दोघी तिथंच पायरीवर बसलो.

दादा सायकल धरून लांब उभा होता. घरी जाताना एवढंच म्हणाला, "तुझ्यात एवढी हिंमत असेल असं वाटलं नव्हतं." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं कौतुक केलं.

आता तुझ्यापुढे उभी राहते. चिंगी दिव्याशी खेळली नव्हती. तू माहेरी आईच्या आजारपणाला गेली होतीस. भर दुपारी दादा पिऊन टेबलाशी बसला होता, त्याच्या कोपराचा धक्का लागून मेण तापवायचा स्पिरिटचा दिवा कलंडला आणि पेटतं स्पिरिट तिच्या बाहीवर सांडलं. मी ओली चादर टाकून विझवलं. दवाखान्यात जाता जाता ठरवलं की पोरीनं हात घातला असं सांगायचं. सात वर्षांची होती ती. दादा शुद्धीवर आला तेव्हा त्यालाही मी तेच सांगितलं. त्यानं ते खरं मानलं. काल त्यालाही खरं सांगितलं. तो अंगणात जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता गुत्त्यावर जाईल. तो बाबांकडे गेला, तिथून बैठकीला गेला, आणि साडेसातला घरी आला. डोळे सुजलेले, पण तोंडाला वास नव्हता.

माफ कर असं लिहायची माझी योग्यता नाही. खरं लिहायची होती, तेवढं लिहिलं.

५ जून

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं. उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

तुला पहिल्या आठवड्यातच ठाऊक होतं. चिंगीनं तुला आंघोळीच्या वेळी सांगितलं, आणि वर म्हणाली, "आत्याला बोलू नकोस, ती रडेल." आणि तू लिहितेस, "दारूसाठी कदाचित मी घर सोडलं नसतं. माझ्या मुलीच्या भाजण्याचा दोष तिच्याच माथी मारलात, म्हणून सोडलं. तू कधीतरी स्वतःहून सांगतेस का, याची वाट बघत होते."

चार वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की दादाच्या दारूनं घर मोडलं. ते मी मोडलं होतं.

दादाला पत्र दाखवलं. चिंगीला एका शनिवारी पाठवतेस ही ओळ त्यानं मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "तिला आधीच सांगून ठेव म्हणावं, मी माफी मागणार आहे. अचानक मागितली तर पोर बावरेल."

तू एवढं मनात ठेवून तिला वाढवलंस, आणि बापाबद्दल एक वाकडा शब्द तिच्या कानावर घातला नाहीस. हे तिच्या वागण्यातून कळेलच, पण मला आत्ताच कळलंय.

तुझी

२३ जून

प्रिय वहिनी,

तुझ्या भावानं चिंगीला सुखरूप घरी पोचवलं असेलच. इथं काय झालं ते मी सांगते.

किती उंच झाली. सकाळी दहाला आली, दारातच थांबली. दादा खुर्चीतून उठला, पण पुढे गेला नाही. म्हणाला, "चिंगे, तुझा हात माझ्यामुळे भाजला. मी प्यायलेलो होतो. तुझी काही चूक नव्हती. मला माफी हवी आहे, पण द्यायची घाई नाही."

ती म्हणाली, "मला अजून राग आहे."

"असू दे," दादा म्हणाला. "तो ठेवायचा तितके दिवस ठेव."

मग तिनं विचारलं, "तो दिवा कुठाय?" आता दादा विजेवरची शेगडी वापरतो, तिनं ती नीट निरखली, खाली वाकून वायरसुद्धा बघितली. मग स्टुलावर चढून बसली. दुपारपर्यंत दोघांनी मिळून खालची दाढ मेणात बसवली. तिचा हात दादावर गेलाय, वहिनी. तिनं बाही कोपरापर्यंत वर सारली होती, काम करताना डाग दिसत होता. दादा त्याच्याकडे चोरून बघत नव्हता, सरळ बघत होता. ते मला फार अवघड वाटलं, आणि फार मोठं वाटलं.

जाताना ती त्याच्या गळ्यात पडली नाही. "येते," म्हणाली आणि मामाच्या गाडीवर मागे बसली.

जेवताना झालेलं सांगायचं राहिलं. दादानं ताटावर डोळे मिटले. ती बघत राहिली. त्यानं डोळे उघडल्यावर म्हणाली, "तू पुन्हा देवाला मानायला लागलास?"

"हो."

"का?"

"ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण रोज सकाळी उठून त्याच्याशी बोलतो. पूर्वी पाठ केलेलं बोलायचो, आता खरं बोलतो."

"मग तो काय म्हणतो?"

दादानं विचार केला. मला वाटलं, पोरीसमोर काहीतरी गोड सांगेल. मी असते तर सांगितलं असतं.

"अजून तरी काही नाही," तो म्हणाला.

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलतो."

चिंगीनं थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या ताटावर डोळे मिटले. काय बोलली ते मी विचारलं नाही, दादानंही नाही. बराच वेळ बोलत होती. भात गार झाला, पण आम्ही दोघं थांबलो.

तुझी, आणि आता खरंच तुझीच,
नणंद